बाराव्या दिवसाची कात

तुम्ही दोघं फोनवर अधूनमधून विचारता, की आजी, तू इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंस, मग तुझं संशोधन अर्धवट का राहिलं? मी दर वेळी म्हणते, वेळ नव्हता. वेळ होता. जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण तुमच्यापैकी कुणीतरी मध्येच विचारणार, "मग तू काय केलंस?" आणि मी तिथेच अडणार. म्हणून लिहून काढते आहे, जसं झालं त्याच क्रमाने.

आधी त्या प्राण्याविषयी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोड्या पाण्यातली कोळंबी. आपल्याकडे बीडला तिला झिंगा म्हणतात. तिचं अंग कवचात बंद असतं आणि कवच वाढत नाही, म्हणून वाढायचं तर जुनं कवच टाकावंच लागतं. त्याला कात टाकणं म्हणतात. कवच मानेपाशी फाटतं आणि कोळंबी एका झटक्यात बाहेर येते. पायांची, मिशांची, डोळ्यांवरचीसुद्धा आवरणं मागे राहतात. ते रिकामं कवच काचेच्या कोळंबीसारखं दिसतं. बाहेर आलेली मात्र लोण्यासारखी मऊ असते. तिला धड पळता येत नाही, झुंजता येत नाही. नवं कवच घट्ट व्हायला दिवस-दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात तिच्याच जातीची दुसरी कोळंबी तिला गाठून खाते. पार खाते, काही ठेवत नाही. म्हणून कात टाकायची वेळ जवळ आली की कोळंबी खाणं सोडते आणि लपायला जागा शोधते. मादीला अंडी धरण्याच्या आधीही कात टाकावी लागते. तेव्हा लांब निळ्या नांग्यांचा एखादा नर तिला आपल्या नांग्यांच्या आडोशाला घेऊन उभा राहतो. पण एक नर एका वेळी एकाच मादीला सांभाळतो.

आता डोळे. कोळंबीचे डोळे छोट्या देठांवर असतात. त्या देठात एक सूक्ष्म ग्रंथी असते आणि तिच्यातून येणारी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, शरीराला सतत एकच सांगत असतात: थांब. अजून कात टाकू नकोस, अजून अंडी पिकवू नकोस. एका डोळ्याचा देठ कापला की हे सांगणं निम्म्याने कमी होतं आणि कोळंबी घाईला लागते. कात लवकर पडते, अंडी लवकर येतात. शास्त्रात हे नवं नव्हतं. मी ते बिंदुसरा नदीच्या पाण्यातल्या आपल्या लहान झिंग्यांवर करून बघत होते आणि कोणत्या दिवशी काय होतं त्याची वही ठेवत होते. कापल्यापासून बहुतेक माद्या अकराव्या-बाराव्या दिवशी कात टाकत. ही गोष्ट त्या वेळी माझ्याइतकी पक्की तालुक्यात कुणालाच ठाऊक नव्हती. हे लक्षात ठेवा.

आपलं घर लिंगायत. तुमच्या आजोबांचं चौसाळ्याला कापडाचं दुकान, आणि आम्ही राहायला बीडला, माझ्या कॉलेजसाठी. घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे. मी कॉलेजातून आले की आधी न्हाणीत जायचं, मग गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा, मग स्वयंपाकघर, असा सासूबाईंचा नियम होता आणि तो मला मान्य होता. हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकून आलेली सून त्यांनी पुष्कळ सांभाळून घेतली. पण डोळ्यांचं त्यांना पटत नव्हतं.

"मारत तर न्हाईस ना?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही, आई. एकच डोळा. जगतात त्या."

"मग तर लईच वाईट," त्या म्हणाल्या, आणि ज्वारी पाखडू लागल्या.

ती वर्षं अशी होती की सगळ्यांनाच काहीतरी परदेशी धाडायचं होतं. बाजार उघडला होता. गल्लीत एसटीडीची पिवळी खोकी आली होती, दुकानात नव्या कंपन्यांचे साबण आले होते, आणि काल-परवापर्यंत कापसाच्या भावाबद्दल बोलणारी माणसं 'एक्स्पोर्ट' म्हणू लागली होती. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष त्यांतलेच एक. मोठे जमीनदार, राजकारणातले, तलवाड्याकडे कालव्याखालची त्यांची शेती. एरवी मनुष्य वाईट नव्हता. मुलींची फी माफ करायचा. त्यांनी शेतात तळं खोदून किनाऱ्यावरून मोठ्या कोळंबीचं बीज आणून सोडलं होतं, आणि वर्षभरात हातभर लांबीचे नर त्या तळ्यात झाले होते.

मी तेव्हा आठ वर्षं तात्पुरत्या जागेवर शिकवत होते. दर जूनला नवा आदेश, दर एप्रिलला सेवा समाप्त. कायम करण्याची माझी फाइल अध्यक्षांच्या टेबलावर होती. हेही लक्षात ठेवा, पण याला कारण समजू नका. मी त्याला पुष्कळ वर्षं कारण समजत आले.

चैत्र संपता संपता त्यांनी मला बोलावलं. मुंबईचे काही निर्यातदार बघायला येणार होते. त्यांना पटलं असतं तर तालुक्यात कोळंबीच्या बीजाचं केंद्र निघालं असतं.

"मॅडम, तुमचं ते डोळ्याचं काय म्हणतात?" अध्यक्ष म्हणाले. "पाव्हणे येतील त्या दिवशी हौदातल्या एकूण एक मादीच्या पोटाखाली अंडी दिसली पाहिजेत. होतं का?"

होतं, मी म्हणाले. मला अभिमान वाटला, खोटं का सांगू? आजवर माझ्या वहीत कुणी डोकावलं नव्हतं.

मी व्यवस्थित आराखडा करून नेला. तळ्याशेजारी सिमेंटचा मोठा हौद होता. त्यात निवडलेल्या एकशे वीस माद्या आणि वीस नर. माद्यांचे चार गट. चार दिवसांच्या अंतराने एकेका गटाचा देठ कापायचा, म्हणजे सगळ्या एकाच वेळी मऊ होणार नाहीत, आणि प्रत्येक गटाला नरांचा पहारा मिळेल. पहिल्या गटाची अंडी पाहुण्यांच्या दिवसापर्यंत चांगली दिसतील, शेवटच्या गटाची नुकती आलेली असतील. मी ते तक्ता करून, पट्टीने रेघा मारून लिहिलं होतं.

अध्यक्षांनी तक्ता नीट पाहिला, कारण ते कागद नीट बघणारे होते. मग म्हणाले, "चार वेळा कशाला? शुभ काम एकाच मुहूर्तावर होतं. भटजींनी वैशाखातला एकच दिवस काढलाय. सकाळी सव्वानऊ ते साडेअकरा. त्याच्या मागंपुढं सगळे वाईट दिवस हायेत."

आमच्या भागात विहिरीला पहिली कुदळ, ट्रॅक्टरची पूजा, दुकानाची वही, सगळं मुहूर्तावर. लग्न लावताना कुणी चार दिवसांत चार हप्त्यांनी लावत नाही. त्यांच्या दृष्टीने ते अगदी सरळ होतं. मी म्हणाले, "सगळ्या एकदम कात टाकतील, साहेब."

"मग चांगलंच की! एकदम अंडी."

खोलीतले चारपाच जण हसले. मी तक्ता घडी करून पर्समध्ये ठेवला.

हौदाची राखण करायला एक भोई जोडपं होतं. पन्नाशीचा नवरा, आणि त्याच्यापेक्षा थोडी लहान, जिभेला धार असलेली बायको. पिढ्यानपिढ्या गोदावरीवर जाळं टाकणारी माणसं. नदीत उन्हाळ्यात पाणी राहीनासं झालं तेव्हा अध्यक्षांनी त्यांना तळ्यावर आणलं, राहायला पत्र्याची खोली दिली. नदीवरची डोंगी, म्हणजे छोटी होडी, त्यांनी विकून टाकली होती. परत जायला काही ठेवलं नव्हतं. तळं नीट राहिलं तर त्यांचं राहणार होतं, नाही तर आजूबाजूच्या एकाही तलावावर त्यांना कुणी उभं करणार नव्हतं. अध्यक्षांनी काढलेला माणूस या टापूत कोण ठेवणार? हे मला पहिल्याच दिवशी त्या बाईने सांगितलं, आणि हसत सांगितलं.

"आमी आता हितलेच झिंगे, बाई. पानी हाय तवर हाव."

मुहूर्ताच्या दिवशी हौदावर आंब्याची पानं बांधली होती. नारळ फोडला. मी ओल्या फडक्यात मादी धरून, कोळशावर तापवलेल्या चिमट्याने डाव्या डोळ्याचा देठ दाबून तोडत होते. तापवलेला चिमटा जखम बंद करतो. भोई मामा पाण्यातून एकेक काढून देत होते आणि झालेली परत सोडत होते. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता. साडेअकराला पाच मिनिटं कमी असताना एकशे विसावी झाली. मी घड्याळ बघून तशी नोंद केली. टाळ्या वाजल्या.

मामा हात धूत म्हणाले, "बाई, एक इचारू? नदीत झिंगे आवसेच्या आसपास कात टाकत्यात, पर समदे एका दिशी न्हाई टाकत. काही आज, काही चार रोजानं. देवानं तसं कावून केलं आसंल?"

"एकमेकांना खाऊ नयेत म्हणून, मामा."

"हां," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या खोलीमागची जुनी कौलं आणून हौदात तळाला उलटी मांडली. बाभळीच्या काटेरी फांद्या दगड बांधून बुडवल्या. लपायला जागा. मी तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा मला ते दिसलं आणि मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. माझ्या तक्त्यात ही गोष्ट नव्हती.

पाचव्या दिवशी सगळं ठीक होतं. आठव्या दिवशी मी गेले तेव्हा टाकलेलं खाद्य तसंच तळाशी पडलेलं होतं. ऊन भयंकर होतं, पाणी कोमट. दिवसातून चारचार तास वीज जायची, आणि मग पाण्यात हवा सोडणारं यंत्र बंद पडायचं. माद्या कौलांच्या तोंडाशी येऊन बसल्या होत्या, एकेका कौलाशी तीनतीन. डाव्या बाजूला डोळ्याच्या जागी काळा ठिपका. नर हौदाच्या मध्यावर हिंडत होते.

"झिंगे गप झालेत, बाई," मामांची बायको म्हणाली. "गाव गप व्हतं ना दंगलीच्या आदी, तसं."

"बये, तोंड आवर," मामा म्हणाले.

"मी काय बोलले? पान्यात बघा ना तुमी."

दहाव्या दिवशी अध्यक्षांनी व्हिडिओवाला आणला. लग्नाचं शूटिंग करणारा, बीडचाच. पाहुण्यांना दाखवायची फिल्म करायची होती. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, तळ दिसत नाही, नुसती कौलं आणि काटे दिसतात. अध्यक्षांनी हात हलवला. "काढा ते सगळं."

मामा पाण्यात उतरलेच नाहीत. उभे राहिले. म्हणाले, "सायेब, दोन रोज ऱ्हाऊ द्या. लपायला लागतंय त्यास्नी."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "साहेब, कौलं राहिली तर बरं."

"मॅडम, पाव्हण्यांना कौलं दाखवायची का झिंगे? कौलं तर त्यांच्या गावाला बी असतील की."

सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं, कारण ते खोटं नव्हतं. अध्यक्षांना विनोद जमत असे. हसताना मी मनात दिवस मोजले, दहावा, आणि तरी पुढे काही बोलले नाही. एकदा सांगून झालं होतं. आम्ही शिकलेली माणसं एकदा सांगतो आणि मोकळे होतो. मामांनी एकेक कौल काढून काठावर रचलं. शूटिंग झालं. स्वच्छ तळावर एकशे वीस माद्या उघड्या बसल्या होत्या. कॅमेरेवाला म्हणाला, मस्त येतंय.

बाराव्या दिवशी सकाळी मी गेवराईपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने पोचले, तेव्हा साधारण नऊ वाजले होते. मामांची बायको बांधावरच उभी होती. मला बघताच वळून माझ्या पुढे चालू लागली.

पाण्यावर कवचं तरंगत होती. काठाला लागलेली, एकमेकांत अडकलेली, उन्हात चकाकणारी. मिशा, पाय, शेपटीचा पंखा, सगळं जागच्या जागी, आणि आत काही नाही. मी एक उचललं. उजव्या डोळ्याचं आवरण होतं, डाव्या जागी थोटूक. दुसरं उचललं, तेच. मी पस्तीसएक मोजली आणि मोजणं थांबवलं. तळाशी नर बसले होते, अंगाने भरलेले, नांग्या हळूहळू तोंडाकडे नेत. हौदात त्यांच्याखेरीज काही हलत नव्हतं.

"सगळ्या गेल्या?" मी विचारलं.

मामांनी हौदाचा कोपरा दाखवला. तिथे नऊ कौलं होती. शूटिंग झाल्यावर त्यांनी ती गुपचूप परत ठेवली होती, दिसणार नाहीत अशी, भिंतीला चिकटून. त्यांनी एक कौल हलकेच उचललं. खाली दोन माद्या होत्या, मऊ, फिकट, जिवंत. नऊ कौलांखाली मिळून चौदा माद्या निघाल्या.

"हुकूम मोडला म्या," ते म्हणाले. "पर चौदा राहिल्या. बाई, तुमी सांगा सायबांना. तुमचं आईकतील. म्या सांगून काय?"

मी म्हणाले, सांगते. आणि सांगणार होते.

अध्यक्ष अकराच्या सुमाराला आले. त्यांच्याबरोबर पुतण्या आणि गावातली काही माणसं. शेतातल्या घराच्या ओट्यावर खुर्च्या टाकल्या. मामा-मामी खाली उभे. अध्यक्षांनी हौद पाहिला होता. ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"एकशे वीस व्हत्या," ते म्हणाले. "चौदा हायेत. मेल्या असत्या तर मढी दिसली असती. एक बी मढं न्हाई. नुसती सोललेली सालं पडलीत. मग माल कुठं गेला?"

"सायेब, खाल्ल्या एकमेकीला," मामा म्हणाले.

पुतण्या म्हणाला, "खाल्ल्या? कुणी, झिंग्यांनी का तुमी?"

माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "सोलून खाल्ल्या बे, सालं ठिवली." मामांची बायको फणकारली, "आमी नदीवरची मान्सं हाव. झिंगा खायचा आसता तर सालासकट खाल्ला आसता!" त्यावर आणखी हसले. मामांनी तिला हाताने मागे सारलं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काळजी नव्हती. ते माझ्याकडे बघत होते, जसं माणूस वळणावर येणाऱ्या गाडीकडे बघतो. ती येणारच असते.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शास्त्राच्या. तुम्ही सांगाल ते आपण मानू. या हौदात झिंग्यांनी झिंगे खाल्ले, असं झालंय का?"

माझ्या पदरात हौदातून उचललेली ओली कवचं होती. प्रत्येकाला एकच डोळा. ती हौदातच पडली, म्हणजे माद्या तिथेच मऊ झाल्या. नरांची पोटं भरलेली होती. आडोशाखालच्या तेवढ्याच वाचल्या. याहून स्पष्ट पुरावा मला प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता. फक्त "हो" म्हणायचं होतं. पण "हो" म्हटलं की पुढचं आपोआप येत होतं: सगळ्या एका दिवशी कुणी कापायला लावल्या, कौलं कुणी काढली, आणि कापल्या कुणी. आणि अध्यक्षांना ते पुढचं कळत होतं. ते फार शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणाले, "असं होऊ शकतं."

शास्त्रात बोलायची हीच पद्धत, असं मी स्वतःला नंतर सांगितलं. डोळ्यांनी पाहिलं नाही ते 'झालं' म्हणू नये. मला इंग्रजीतून हेच शिकवलं होतं आणि मी मुलींना हेच शिकवत होते. त्या क्षणी मात्र मला काही शास्त्र आठवत नव्हतं.

"होऊ शकतं," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे झालंच असं न्हाई."

मी पदरातली कवचं सावरली.

"बरं," ते म्हणाले, आणि उठले. "पोलिसात देत न्हाई. गरीब मान्सं हायेत. सांजच्याला खोली रिकामी करा."

मामांचा चेहरा बदलला नाही लगेच. त्यांना वाटलं असावं, बाईंचं बोलणं संपलेलं नाही. ते तसेच बघत राहिले. मग त्यांच्या बायकोने त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, "चला." जाताना ती माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "पदर भिजलाय तुमचा." ती कवचं गळत होती.

तीन दिवसांनी पाहुणे आले. त्यांना सांगण्यात आलं की चोरी झाली. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि राखणीचा खर्च जास्त धरायला हवा म्हणाले. चोरी झाली म्हटलं की धंद्याची अब्रू राहते. पद्धत चुकली म्हटलं असतं तर ते चहा न घेता गेले असते. बीजाचं केंद्र पुढे दुसरीकडे कुठेतरी झालं. आमच्या तालुक्यात झालं नाही. पण चोरीची बातमी मात्र राहिली. ती तलवाड्याहून गेवराईला, गेवराईहून माजलगावाकडे, तळ्या-तळ्यावर पोचली.

ज्येष्ठात एका दुपारी मामांची बायको बीडला आमच्या दारात आली. सासूबाईंनी तिला पाणी दिलं, भाकरी-पिठलं वाढलं, आणि ती जेवत असताना सगळं विचारून घेतलं. मी आतून ऐकत होते. ती तक्रार करत नव्हती. तेलगावच्या बाजूला एका तलावाचा ठेकेदार माणूस ठेवणार होता, पण चोरीचं ऐकून बिचकत होता. मी कागद लिहून दिला तर तो कदाचित मानेल, एवढंच तिचं म्हणणं.

सासूबाई आत आल्या. "खरं हाय का हे?"

"हो."

"आन् तू तितं गप बसलीस?"

"गप नव्हते, आई. बोलले."

"काय बोललीस?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "कागद दे तिला," आणि कपाटातून तुमच्या बाबाच्या दहावीच्या वहीतला कोरा कागद स्वतः फाडून आणला.

मी मराठीत लिहिलं. काय झालं, कोणत्या दिवशी झालं, कशामुळे झालं. एकाच दिवशी सर्व देठ मी कापले. आडोसा काढला गेला. माद्या नरांनी खाल्ल्या. राखणदाराने काही चोरलं नाही, उलट ज्या वाचल्या त्या त्याच्यामुळे. खाली सही, हुद्दा, तारीख. अर्धं पान झालं. ती म्हणाली, वाचून दावा. मी वाचून दाखवलं. ती मान हलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हे त्या दिशी वट्यावर म्हनायचं व्हतं, बाई." तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला बस चुकली सांगावं तसं ती बोलली. कागद चार घड्या करून चोळीत ठेवला आणि गेली.

मी त्यानंतर चिमटा हातात घेतला नाही. प्रयोगशाळेतल्या टाक्यांत झिंगे होते, त्यांना मी परत बिंदुसरेत सोडून आले. वही आहे अजून.

दिवाळीच्या आधी अध्यक्षांनी संस्थेच्या कार्यालयात बोलावलं. पंखा चालू होता, टेबलावर कागदांवर काचेचे गोळे ठेवलेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मग ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. चार घड्या पडलेला, कडा मळलेला. माझंच अक्षर.

"तेलगावच्या ठेकेदारानं धाडला," ते म्हणाले. "आपलाच मानूस हाय तो. म्हनला, साहेब, हे काय हाय, बघा."

मी विचारलं, "ते दोघं कुठं आहेत?"

"गेले ऊसतोडीला, टोळीबरोबर. कुठल्या कारखान्यावर ते काय म्हाईत न्हाई." त्यांनी कागद पुन्हा पाहिला. "अक्षर लई सुंदर हाय तुमचं, मॅडम. असं अक्षर आता बघायला मिळत न्हाई."

मग त्यांनी दुसरा कागद काढून त्याच्या शेजारी ठेवला. माझ्या कायम नेमणुकीचा आदेश होता. शिक्का मारलेला, सही झालेली. मी दोन्ही कागद बघत बसले. कोणता उचलायचा ते त्यांनी सांगितलं नाही, आणि घाईही केली नाही. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारून प्याले, आणि माझा हात टेबलावर कुठे जातो ते बघत राहिले.

मी आदेश घेतला. त्यांनी दुसरा कागद पुन्हा घड्या करून ड्रॉवरमध्ये ठेवला. कारकुनाने पोच म्हणून माझ्यापुढे दोन प्रती सरकवल्या. मी दोन्हींवर सही केली आणि खाली तारीख घातली.